ग्रामस्थहो

छतातल्या स्पीकरने घसा खाकरला तेव्हा पिलसुन अजून अंथरुणातच होती. 'रहिवाशांना कळवण्यात येते की' एवढं येईपर्यंत ती बाहेरच्या दाराशी उभी होती. अंगात झोपायचे कपडे, पायात सुनेचे जोडे, हातात केरसुणी. केरसुणी कुठून आली हे तिला कुणी विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं; या घरात ती बाल्कनीत, धुण्याच्या यंत्रामागे असते, म्हणजे पाय आधी तिकडे गेले असणार, मग इकडे आले असणार, आणि यातलं काहीच तिला ठाऊक नव्हतं. टाक्या धुवायच्या आहेत, दिवसभर पाणी येणार नाही, तरी सहकार्य करावे, असं काहीतरी स्पीकर म्हणत होता. सून मीसन केस पुसत न्हाणीतून बाहेर आली आणि थबकली.

"आई, कुठे निघालात?"

"कुठे जातेय? केर काढत होते."

"माझे जोडे घालून?"

पिलसुनने खाली पाहिलं. मग दोघी हसल्या, पण मीसनचं हसू जरा लवकर संपलं. ती सासूकडे त्या नजरेने पाहू लागली जिने हल्ली सगळी तरुण माणसं म्हाताऱ्यांकडे पाहतात, गॅस बंद केला का, हे पाहावं तशी. "तुम्ही पाणी भरून ठेवाल का तेवढं? मला आज लवकर जायचंय," ती म्हणाली, आणि पिलसुनने केरसुणी भिंतीला टेकवून बादल्या काढल्या. काम मिळालं की बरं असतं. नळाखाली बादली भरू लागली, पाण्याचा आवाज रिकाम्या बादलीत मोठा आणि मग भरत भरत लहान होत गेला, आणि तिला कळलं काय झालं होतं ते. इंचॉन शहरातल्या या इमारतीत, मुलाकडे, ती किती वर्षं राहत होती. स्पीकर आठवड्याला बोलत असे, गाड्या नीट लावा, कचरा वेगळा करा, कुत्र्यांना आवरा, आणि आजवर तिचा पाय जागचा हलला नव्हता. पण आज माणूस नवा होता. जिथे थांबायचं कारण नाही तिथे तो थांबत होता. 'कळवण्यात येते' आणि मग एक श्वास, आणि मग 'की'. असा थांबणारा माणूस तिने जन्मात एकच पाहिला होता, आणि त्याच्याशी तिचं लग्न झालं होतं.

घरात ग्वानशिक बोलतच नसे. हूं, हां, आण, ने. बायकोला हाक मारायची तर 'अगं' देखील नाही. दाराशी येऊन खोकायचा, की पिलसुनने समजायचं. त्याच्या आईने लग्नात सांगितलं होतं, पोरगा मुका नाही गं, शब्द जपून वापरतो. मग एका हिवाळ्यात सरकारने देशातल्या गावागावाला सिमेंटची पोती पाठवली, त्यांच्या गारेगोललाही आली, आणि त्याबरोबर हुकूम आला की गावाने आपला एक पुढारी निवडावा, बिनपगारी, चाळिशीच्या आतला, दारू कमी पिणारा. शेवटच्या अटीवर गावातली निम्मी नावं गळाली. ग्वानशिकला सरकारने प्रशिक्षणाला नेलं, आठवडाभर ठेवून घेतलं, आणि परत आला तो छाती पुढे काढून चालणारा, डोळ्यांखाली काळं झालेला, खिशाला बिल्ला लावलेला कुणी निराळाच माणूस होता. त्याच्यामागून हातगाडीवर यंत्र आलं. ते त्यांच्या बाहेरच्या खोलीत बसलं, आणि त्याचा कर्णा अंगणातल्या खांबावर चढला. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत आधी सकाळचं सरकारी गाणं वाजलं आणि मग चुलीपाशी तांदूळ धूत बसलेल्या पिलसुनने आपल्या नवऱ्याचा आवाज पहिल्यांदा ऐकला, असंच म्हणायला हवं. "ग्रामस्थहो," तो म्हणाला, आणि थांबला. केवढा रुंद, केवढा गरम आवाज. भिंतीच्या पलीकडून अर्धा आणि आभाळातून अर्धा येत होता. तिचे हात तांदळाच्या पाण्यात तसेच राहिले. तिला लाज वाटली, आणि लाजेच्या खाली आणखी काहीतरी, ज्याला ती तेव्हा नाव देऊ शकली नाही आणि आजही, बादली काठोकाठ भरून वाहू लागली तरी, देऊ शकत नव्हती. हेवाच तो. हा माणूस सगळ्या गावाशी असं बोलतो.

त्यानंतर रोज कर्णा बोलला की घरोघरची माणसं केरसुण्या घेऊन रस्ता झाडायला निघत, आणि पिलसुनला जे काही कळलं ते कर्ण्यावरूनच कळलं. उद्या विहिरीचा गाळ काढायचा, परवा छपरांचा पेंढा उतरवून पत्रे चढवायचे, रस्ता रुंद करायचा म्हणून ज्याची भिंत आड येते त्याने ती मागे घ्यायची. "पुढाऱ्याने आधी स्वतःची भिंत पाडावी, म्हणून आज आम्ही पाडतो आहोत," असं कर्णा म्हणाला तेव्हा ती त्याच भिंतीला टेकून मुळे सोलत होती. आणि एका सकाळी: "रस्ता डोंगराच्या अंगाने न्यायचा आहे. त्यासाठी आमचं डोंगराकडचं तिळाचं शेत, खालची बाजू, आम्ही गावाला देत आहोत. मोबदला नको." ती तेव्हा पाणवठ्यावर होती. ते शेत तिचं होतं. कागदावर नव्हे, कागदावर बायकांचं काय असतं. पण लग्न होऊन आली तेव्हा ती दगडधोंड्यांची उतरण होती, आणि एकेक दगड तिने पोटाशी धरून खाली नेला होता, पोटात जोंगहो असतानासुद्धा. पाणवठ्यावरच्या बायकांनी धुण्याचे दांडके थांबवले. "जोंगहोची आई, मोठं मन हो तुमचं. तुम्हाला आधी विचारलंच असेल," एकजण म्हणाली, तिला ठाऊक होतं विचारलं नसणार, म्हणून तर म्हणाली. "हो तर," पिलसुन म्हणाली, "कालच बोललो आम्ही," आणि तिने दांडका उचलून जोंगहोच्या सदऱ्यावर असा हाणला की बटण फुटलं. घरी येऊन तिने चूल पेटवली. तो दाराशी येऊन खोकला. तिने ताट पुढे सरकवलं. तो जेवता जेवता म्हणाला, "वरची बाजू राहते." वरची बाजू राहते! जणू ती राहावी म्हणून त्याने सरकारशी लढाई केली होती.

पण रस्ता झाला आणि तो चांगला झाला, हेही तिला नाकारता येत नव्हतं. खोटं का बोला. पहिल्यांदा गाडी दारापर्यंत आली तेव्हा पोरं गाडीच्या मागे आणि म्हाताऱ्या पोरांच्या मागे धावल्या होत्या. राहिला होता तो पूल. गारेगोलच्या तोंडाशी ओढा होता, आणि पावसात तो आडवा पडला की गाव पलीकडच्या जगातून उठून गेल्यासारखं व्हायचं. तिची आई गेली तेव्हा ओढ्याला पाणी होतं. भाऊ निरोप घेऊन पलीकडच्या काठावर आला, ती अलीकडे, आणि दोघं ओरडून बोलले. पाण्याच्या गर्जनेत तिला निम्मंच ऐकू आलं. शेवटी आई काय म्हणाली ते भावाने दोनदा ओरडून सांगितलं आणि दोन्ही वेळा ते पाण्यात गेलं. नंतर विचारायचं तिला कधी धैर्य झालं नाही, आणि मग भाऊही गेला. म्हणून पुलाचं सिमेंट यंदा येणार असं कर्ण्याने सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा, नकळत, चुलीपाशी बसून मान डोलावती झाली होती.

अट तेवढी होती. तालुक्याच्या कचेरीने ठरवलं होतं की गावातल्या प्रत्येक खाचरात सरकारी भात लागलं पाहिजे. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. वरून आकडा येई, तो खाली खाली उतरत पेक साहेबापर्यंत येई. पेक साहेब म्हणजे कचेरीतला एक तरणा कारकून, मानेवर कायम उन्हाने सोललेली कातडी, सायकलवरून गावं फिरणारा. नवं बियाणं दुप्पट पिकायचं, ते खरं होतं. पण भात मोकळा, कोरडा, तोंडात फिरायचा, आणि पेंढा इतका आखूड की दोरी वळता येईना. तरी गावाने रोपांसाठी तरवा टाकला. नाही टाकला तो एकट्या धाकट्या काकांनी. ते ग्वानशिकचे चुलते, पिलसुनचे सासरे गेल्यापासून घरातले वडीलधारे. त्यांनी आपल्या वाफ्यात जुनं, लाल कुसळाचं भात पेरलं, आणि ते बोटभर उगवलंही. पेक साहेब आला, वाफ्यापाशी उभा राहिला, आणि त्याने ग्वानशिकला बाजूला घेतलं. पिलसुन बांधावरच्या भाजीत होती. "पुढारी, उद्या वरचे साहेब येतायत," तो म्हणाला, "आणि ते असला वाफा ठेवत नाहीत. बुटांनी तुडवतात. शेजारच्या गावात तुडवला, मी उभा होतो. म्हणून सांगतो, त्यांच्या आधी तुम्हीच मोडून टाका. नाहीतर पुलाचं माझ्या हातात नाही." मग तो हळूच म्हणाला, "माझ्या बापानेही जुनंच पेरलंय हो. मी त्याला काय सांगू?" ग्वानशिक हूं म्हणाला.

त्या संध्याकाळी ग्वानशिक काकांकडे गेला आणि आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. "काय म्हणाले?" तिने विचारलं. आजपर्यंत असं तिने विचारलं नव्हतं. "म्हणाले, आधी माझ्या छातीवर पाय दे, मग वाफ्यात दे. पितरांच्या पुढे ठेवायचं भात सरकारच्या गोदामातून आणू का, म्हणाले." एवढं लांब वाक्य तो घरात कधी बोलला नव्हता, आणि ते बोलून तो दमल्यासारखा भिंतीला टेकून बसला. तिला त्याची कीव आली नाही. तिच्या मनात आलं, आता ओढ्याच्या अलीकडे उभं राहून कसं वाटतं ते कळेल तुला. आणि लगेच पूल आठवला आणि त्या विचाराची तिला भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी उजाडलं, आणि कर्णा बोलला नाही. ती शांतता तिला आजही अंगावर आठवते. कोंबडे ओरडले, गाय हंबरली, चुली पेटल्या, पण गाव जणू जागं व्हायचं राहून गेलं. माणसं दाराशी उभी, हातात केरसुण्या, आता काय करायचं कुणी सांगेल का अशी. बाहेरची खोली रिकामी होती. ती अंगणात आली तर कुंपणापलीकडून शेजारीण म्हणाली, "पुढारी काकांच्या वाफ्यापाशी बसलेत. काकाही बसलेत. एक या बांधावर, एक त्या. दोघंही बोलत नाहीत." पिलसुन आत गेली. यंत्रापुढे बसली. खटका कुठला ते रोज धूळ पुसून तिला पाठ होतं. गाणं तिने लावलं नाही. नळी तोंडाजवळ धरली तर स्वतःचाच श्वास बाहेर आभाळात ऐकू आला, कुणा मोठ्या जनावराचा असावा तसा, आणि ती दचकून मागे सरली. मग म्हणाली, "मी जोंगहोची आई बोलतेय." पुढे काय म्हणायचं ते तिने ठरवलं नव्हतं. 'ग्रामस्थहो' तिच्या तोंडून येईना. "बायांनो, घमेलं घ्या, चुंबळ घ्या, आणि धाकट्या काकांच्या वाफ्यावर या. आत्ता. चुलीवर असेल ते उतरवून या." आणि खटका बंद केला.

बायका आल्या. का बोलावलं ते कुणाला ठाऊक नव्हतं, पण कर्ण्यावर बाई बोलली हेच एवढं मोठं होतं की चुलीवरचं खरंच उतरवून आल्या. काका बांधावर उकिडवे, हातात चिलीम, ती विझलेली. पिलसुन त्यांच्यापुढे वाकली. "काका, तरवा मोडायचा नाही. उचलायचाय. माझ्या तिळाच्या शेताची वरची बाजू आहे, तिथे झरा आहे, बांध घातला की पाणी राहील. रस्त्यावरून दिसत नाही. पितरांपुरतं होईल." काकांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. "सुनेने सासऱ्याला शेती शिकवायची," ते विझलेल्या चिलिमीला म्हणाले. मग तिने चिखलात पाय घातला, फावडं घेतलं आणि मातीसकट रोपांचा एक थर उचलला. उचलला तो तुकडे होऊन पडला. दुसरा उचलला, तोही फाटला. शेजारीण आली, तिने तर रोपं मुठीत धरून उपटायलाच घेतली. काका बघत होते. त्यांच्या मानेची शीर ताठ होत चालली होती. "अगं ए! काय डोक्यावरची उपटतेस काय?" ते एकदम ओरडले, "मुळं तुटतील! फावडं आडवं धर, आडवं! अर्धी वीत खाली!" कुणालाच आडवं धरता आलं नाही. तेव्हा ते उठले, विजार वर खोचली आणि शिव्या देत वाफ्यात उतरले. त्यांनी कापलेला थर घमेल्यात असा बसला जसा भाकरीवर भाकर. "असं," ते म्हणाले. "आता पोटातलं पाणी हलू न देता न्यायचं."

पलीकडच्या बांधावरून ग्वानशिक हे पाहत होता. किती वेळ, कोण जाणे. मग तो आला, एक भरलेलं घमेलं उचललं आणि डोक्यावर ठेवलं. तिथले पुरुष ओझं पाठीवर नेतात. डोक्यावर न्यायचं ते बायकांनी. चुंबळ नव्हती, चिखलाचं पाणी त्याच्या कपाळावरून बिल्ल्यापर्यंत ओघळलं, मान मोडक्या बाहुलीसारखी डुगडुगू लागली. "पुढारी, कंबर हलवा, कंबर!" शेजारीण ओरडली आणि सगळ्या वाफ्यात हशा पिकला, काकासुद्धा हसले, तोंड फिरवून. चढणीवर तो पिलसुनच्या मागे होता. त्याची धाप तिला ऐकू येत होती. वर, तिच्या शेतात, घमेलं उतरवून तो उभा राहिला आणि सभोवार बघत राहिला, जणू हे शेत त्याने आधी कधी पाहिलं नव्हतं. काठाला रचलेल्या दगडांची रांग कमरेइतकी उंच होती. "हे सगळे दगड," तो म्हणाला, आणि थांबला. नेहमीसारखा, जिथे थांबायचं कारण नसतं तिथे. पुढचं वाक्य आलं नाही. पण तिला ते ऐकू आलं, आणि ओढ्याकाठच्यासारखं निम्मं नाही, पुरं.

उन्हं डोक्यावर आली तेव्हा वरचे साहेब आले, बूट घालून, आणि पेक साहेब त्यांच्या मागे. वाफा सपाट, ओला, त्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांकडचं उरलंसुरलं सरकारी बी नुकतंच फेकलेलं. साहेबांनी पाहिलं आणि पुढे गेले. पेक साहेब मात्र रेंगाळला. सगळ्या गावाचा तरवा बोटभर आणि इथे बी अजून उघड्यावर; आंधळ्यालाही कळलं असतं. "हा वाफा फार उशिरा पडला वाटतं," तो म्हणाला. "मालकावर गेलाय," काका म्हणाले, "त्यालाही सगळं उशिराच कळतं." पेक साहेबाने डोंगराकडे, चिखलाच्या पावलांनी काळ्या झालेल्या वाटेकडे एकवार पाहिलं, मग पिलसुनकडे. "तांदळाची दारू मिळेल का थोडी? घसा सुकलाय." तिने वाटी भरून दिली. ती त्याने उभ्याउभ्या प्यायली आणि तो सायकल ढकलत साहेबांच्या मागे गेला. पूल पानगळीत झाला. सरकारी भातही उदंड आलं. पुढच्या वसंतात, कणग्यांचा तळ दिसायच्या दिवसांत, गावात कुणी उपाशी राहिलं नाही. काका ते जेवायचे आणि म्हणायचे, "पोट भरतं, तोंड भरत नाही." काही वर्षांनी सरकारनेच ते बियाणं मागणं बंद केलं, आलं तेव्हा केवढा गाजावाजा, गेलं तेव्हा सांगायलाही कुणी आलं नाही. आणि पुलावरून पोरं शाळेत गेली, मग मोठ्या शाळेत, मग कारखान्यांत, जोंगहो इंचॉनला. मागून म्हातारी माणसंही एकेक करून, काही गाडीतून, काही खांद्यावरून. ग्वानशिक खांद्यावरून गेला. बायकोला विचारायची सवय त्याला शेवटपर्यंत लागली नाही. फक्त खटका दाबायच्या आधी तो मान वळवून स्वयंपाकघराकडे बघायचा, एक क्षण. ती परवानगी नव्हती. पण ती वर बघेपर्यंत तो दाबत नसे.

बादल्या भरल्या, पातेली भरली, मग नळ दोनदा खोकला आणि बंद पडला. दुपारी जोंगहोचा फोन आला. आवाजात घाई होती, कचेरीतून केलेला. "आई, एक सांगायचं राहिलं. गावाकडून फोन होता. सरकारची नवी योजना आली आहे म्हणे, शहरातली पोरं येऊन भात लावणार, चिखलात खेळणार, पैसे देणार. गाड्या लावायला जागा हवी आहे. आपली ती डोंगराची पट्टी पडूनच आहे ना, तर मी हो म्हटलंय. गावाच्या भल्याचंच आहे."

"कुणाला विचारलंस?" पिलसुन म्हणाली.

"म्हणजे? जागा माझ्या नावावर आहे, आई. आणि तुला काय त्रास द्यायचा म्हणून..."

"फोन कुणाचा होता?"

"मालसुकचा. धाकट्या काकांची नातसून. ती आता गावची प्रमुख आहे."

"नंबर सांग तिचा. हळू सांग."

नंबर लावताना तिचं बोट दोनदा चुकलं. रागावली होती का? तिला नीटसं सांगता आलं नसतं. गाव रिकामं झालंय, पोरं येणार असतील तर येवोत, चिखल पोरांसाठीच असतो. दगड कुणी उचलून नेणार नाही, आणि नेले तर नेले. तिचं शेत एकदा रस्त्याला गेलं होतं आणि रस्ता चांगला झाला होता. पलीकडे घंटी वाजत राहिली आणि मग एक मोठा, बांधाबांधावरून हाका मारून कमावलेला बाईचा आवाज आला.

"कोण बोलतंय?"

"मी जोंगहोची आई."

"अगं बाई, काकू! जेवलात का? तब्येत कशी आहे? केव्हापासून तुमचा नंबर मागतेय त्याच्याकडे. म्हणाला, आईला काय विचारायचं, मी आहे ना. मी म्हटलं, असं कसं, शेत काकूंचं. आजेसासरे सांगायचे आम्हाला, ते शेत काकूंनी पोटाशी धरून केलंय म्हणून."

पिलसुनने फोन दुसऱ्या कानाला लावला. "मग आता विचार," ती म्हणाली.

"काय?"

"जे विचारायचं होतंस ते. मी फोनवर आहे ना."

पलीकडे मालसुक क्षणभर गोंधळली. मग तिने घसा साफ केला, आणि ती बोलली तेव्हा आवाज बदलला होता, सभेत उभं राहिल्यासारखा. "काकू, तुमच्या डोंगराकडच्या शेताची वरची बाजू गावाला हवी आहे. गाड्या लावायला. द्याल का?"

पिलसुन खुर्चीवर बसली. घरभर भरलेल्या बादल्या होत्या, आणि त्या सगळ्यांत खिडकीचा उजेड स्थिर पडला होता. हो म्हणणार हे तिला ठाऊक होतं. बहुधा मालसुकलाही ठाऊक असावं. पण आयुष्यात पहिल्यांदा तो प्रश्न तिच्या पुढ्यात येऊन बसला होता, अदबीने, मांडी घालून, आणि त्याला असा लगेच उठवून लावायला तिचं मन होईना.

"विचार करते," ती म्हणाली. "उद्या फोन कर."

"उद्या? बरं काकू, उद्या करते."

"सकाळी कर," पिलसुन म्हणाली. "मी लवकर उठते."